दादाच्या तोंडचं वाक्य

नवीन पनवेलला एक वाचनालय आहे. मागच्या थंडीत तिथं मला बोलायला बोलावलं होतं. नव्यानं गोष्टी लिहिणारी पंधरा-वीस माणसं समोर बसली होती. बहुतेक नोकरदार, दोन-तीन कॉलेजच्या मुली. मी चौथी शिकलेला. त्यानंतर मिठागरात मीठ गोळा करायची फळी ओढली, आणि मिठागरं गेल्यावर एका गोदामाच्या गेटवर काठी घेऊन बसलो. पण गावच्या जत्रेसाठी मी बावीस नाटकं लिहिली आहेत. आजूबाजूच्या गावांतली माणसं अजून भेटली की त्यातली वाक्यं मलाच ऐकवतात. तेव्हा मी तिथं मान खाली घालून गेलो नव्हतो. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर नीट टेकून बसलो.

एका मुलीनं विचारलं, "काका, माझी माणसं बोलायला लागली की पुस्तकी वाटतात. डायलॉग खरे वाटायला काय करायचं?"

मी म्हणालो, "खरं बोलणं कान देऊन ऐकायचं आणि तसंच्या तसं उतरवायचं. आपली अक्कल त्यात घालायची नाही."

सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतलं. टाळ्या झाल्या. शाल दिली. तिथले सर म्हणाले, "हे लिहून द्या आम्हाला, छापू." मी हो म्हटलं. पण रिक्षात बसल्यावर माझं मला कळलं की मी त्या मुलीला अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं माझ्या भावाचं आहे. ते लिहायला मला एवढे महिने लागले.

आधी ऐकण्याचं सांगतो, कारण ते खोटं नाही.

मी पहिलं नाटक लिहिलं तेव्हा मला वाटायचं, लिहिणं म्हणजे जड बोलणं. राणीचं काम आमच्या आळीतल्या एका मासेवाल्याच्या पोरानं केलं होतं. मिशी भादरून, लुगडं नेसून तो उभा राहिला आणि म्हणाला, "हे प्राणनाथ, या दुर्भागी अबलेचा आपण त्याग का करता?" पुढं बायकांत एक म्हातारी बसली होती. ती मोठ्यानं म्हणाली, "गो बय, हिच्या तोंडात कोनी भट शिरलाय का?" पुढचा अर्धा तास कोणाला काही ऐकू आलं नाही, सगळं गाव हसत होतं. मी विंगेत हातात वही घेऊन उभा. त्या म्हातारीचा मला वर्षभर राग होता. मग एक दिवस वाटलं, तिचं एक वाक्य माझ्या सगळ्या नाटकापेक्षा चांगलं होतं.

तेव्हापासून मी ऐकायला लागलो. मासळी बाजारात, सरकारी दवाखान्याच्या रांगेत, हळदीच्या मांडवात. माणूस विचारलेल्याचं उत्तर देत नाही हे मला तिथं कळलं. खांदा कॉलनीच्या बसस्टॉपवर एक बाई नवऱ्याला विचारत होती, "रिपोर्टात काय आलं?" तो म्हणाला, "ही बस भरूनच येणार बघ." ती म्हणाली, "छत्री तरी धर नीट." एवढंच. दोघांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी घरी येऊन ते तसंच लिहिलं आणि पुढच्या नाटकात घातलं. गाव रडलं. मला चटक लागली.

ह्या सगळ्या नाटकांत माझा दादा माझ्या पाठीशी होता. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याला अक्षर येत नव्हतं, सहीपुरतं नाव काढायचा. पण बाकडी वाहायला, बांबू पुरायला, तालमीत कोणी रुसला तर त्याला दंडाला धरून आणायला तोच. जत्रेच्या नाटकाचा नारळ दरवर्षी त्याच्याच हातून फुटायचा. मी त्याला नाटक आधी वाचून दाखवायचो. तो डोळे मिटून ऐकायचा आणि एखाद्या ठिकाणी म्हणायचा, "हा मानूस असा नाय बोलनार." बस. ते वाक्य मी काढायचो.

दादाला एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगा बावीस वर्षांचा होता, भरावाच्या कामावर सुपरवायझरच्या हाताखाली लागला होता. उलव्याच्या रस्त्यानं मोटरसायकलवरून येताना मागून डंपरनं त्याला उडवला. दुपारी चारच्या सुमाराला दवाखान्यातून कापून-शिवून त्याला घरी आणला.

अंगणात ठेवला. बायका हेल काढून रडत होत्या. वयनी, म्हणजे दादाची बायको, दोघींनी धरून ठेवली होती. दादा पडवीच्या खांबाला टेकून उभा होता. अंघोळ घालायची वेळ झाली तेव्हा कोणीतरी नळ सोडला. नळाला पाणी नाही. वरची टाकी रिकामी. तेव्हा दादा पुढं आला. पोराच्या डोक्याशी बसला, मान एका बाजूला कलती करून, पोरं चुकली की तो जसा बसायचा तसा. आणि म्हणाला,

"बाला, टाकी भर बोललू ना तुला? सकालपासून बोलतंय. भरलीस नाय ना? आता तुला आंघोल कंच्या पान्यानं घालू?"

शेजारणींनी हंडे आणले. अंघोळ झाली. मी दादाच्या मागंच उभा होतो, माझाही पुतण्या होता तो, मीच त्याला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवलेली. मी रडत होतो. आणि रडता रडता मी ते वाक्य पाठ केलं. विसरू नये म्हणून दोनदा मनात म्हटलं.

दोन वर्षांनी मी ते नाटकात घातलं.

नाटकात बापाचं काम एक रिक्षावाला करत होता, चांगला नट. नक्कल, म्हणजे त्याच्या वाट्याचे लिहिलेले कागद, मी त्याला दिली. त्यानं ते पान वाचलं आणि कागद खाली ठेवला.

"काका, हा नको."

"का?"

"दादा पुढच्या लाइनीत बसलेला आसंल."

"नाव घेतलाय का मी कोनाचा?"

"नाव नाय. पन सगला गाव होता त्या दिवशी अंगनात."

"लेखक कोन? तू का मी?"

त्यानं कागद परत उचलला. मी त्यालाच सांगितलं, मान कशी कलती करायची. तालमीत तीन वेळा करून दाखवली. हे नाटक मात्र मी दादाला आधी वाचून दाखवलं नाही. विचारलं त्यानं. मी म्हटलं, "ह्या वेलेला तू पडदा उघडल्यावरच बग."

दादानं नारळ फोडला. घरून आणलेली घडीची खुर्ची उघडून पुढं बसला. नाटकात पोरगा मेला, बाप त्याच्या डोक्याशी बसला, मान कलती केली आणि ते वाक्य बोलला.

एवढी शांतता मी आमच्या मंडपात कधी ऐकली नव्हती. मग बायकांतून एक हुंदका आला. मग दुसरा. मी विंगेत वही धरून उभा होतो, माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगायचं तर तो अभिमानाचा होता. मग मी पुढं बघितलं. दादा उठला होता. त्यानं खुर्ची सावकाश मिटली, काखेत धरली आणि माणसांमधून वाट काढत गेला. कोणी त्याच्याकडं बघत नव्हतं, सगळे पाय आखडून घेत होते. स्टेजवरचा रिक्षावाला अडकला. त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला वाटलं असेल, मी पडदा टाकायला सांगीन.

मी त्याला पुढचं वाक्य सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी दादाच्या दारात गेलो. तो आत होता. वयनी उंबऱ्यात उभी होती, माझ्याकडं न बघता. दादा आतून तिला म्हणाला, "सांग त्याला, माझा पोर एकदा मेला. आता लोकांपुढं परत परत मारू नको."

मी बाहेरूनच ओरडलो, "नाटकात नाव नाय घेतला मी कोनाचा! वयनी, सांग त्याला!"

आणि परत फिरलो. 'चुकलं' हा शब्द आमच्या घरात बापयांच्या तोंडी नव्हता. बाबूसच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या नव्हता, दादाच्या नव्हता, माझ्याही नव्हता. त्या नाटकाला तालुक्याच्या स्पर्धेत कप मिळाला, लेखनाचा. मी तो दर्शनी भिंतीवर फळी ठोकून ठेवला. दादाला येता-जाता दिसेल असा. हे आता लिहायला नको वाटतं, पण ठेवला होता.

दादानं माझ्याशी बोलणं टाकलं. आमच्याकडं बोलणं टाकणं ही साधी गोष्ट नाही. मारामारी झाली तर गावकी बसते, मिटवते. पण बोलणं टाकलं की त्याला पंच नसतो. माणूस समोर असतो आणि त्याच्याशी बोलायचं ते तिसऱ्याला सांगायचं. तिसरा कोणी नसेल तर कुत्र्याला, भिंतीला. पुढं विमानतळासाठी गाव उठलं. मंडप होता तिथं आता धावपट्टी आहे. दोघा भावांना मिळून एक प्लॉट मिळाला, त्यावर घर बांधलं, दादा खाली आणि मी वर. माझी बायको तोवर गेली होती, मुलगा खांदा कॉलनीत वेगळा. माझं जेवण खालूनच यायचं. आमच्या दोघांमधली तिसरी म्हणजे वयनी. दहा वर्षं ती आमची बोलणी वाहत राहिली.

ती जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी राहायची. मी वरून म्हणायचो, "वयनी, सांग त्याला, टीव्ही बारीक कर. मी लिवतंय."

खालून दादा, "सांग त्याला, लिवून लिवून काय दिवं लावलं ते सगल्या गावानं बघितलं."

वयनी मान वर करून म्हणायची, "भावजी, ते बोलतात, बातम्या झाल्या का करतो बारीक."

दादाचं बोलणं मला धडधडीत ऐकू आलेलं असायचं. माझं त्याला. पण ऐकलेलं धरायचं नाही, वयनी सांगेल तेच खरं, असा तो कायदा होता, कोणी न केलेला. मी म्हणायचो, "बरा." आणि थोड्या वेळानं टीव्ही बारीक व्हायचा.

एकदा मला ताप होता. दादा खालून विचारत होता, "म्हातारा मेला का बग वरचा, सकालपासून खोकला नाय." वयनी पेज घेऊन वर आली. "ते इचारतात, बरा वाटतंय का."

मी म्हटलं, "वयनी, तू खोटा सांगतेस. मी ऐकला ना."

ती पेज ढवळत म्हणाली, "भावजी, तुमी खरा सांगून काय केलात ते बघितला ना मी."  पेज ठेवून गेली.

त्या पोराची ती आई होती. दहा वर्षांत त्या विषयावर ती माझ्याशी एवढंच बोलली. मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिलो. मनात आलं, संवाद लिहिणारा ह्या घरात मी नाही.

मागच्या वर्षाच्या आदल्या वर्षी वयनी गेली. भाजी निवडताना कलली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. गावातल्या जाणत्यांना वाटलं, आता हे दोघे बोलतील. मयताच्या दारात आमच्याकडं अबोला धरत नाहीत, वैरी असला तरी 'चल, उचलू' एवढं म्हणतो. मला पण वाटलं होतं. स्मशानात दादा अडखळला तेव्हा मी त्याचं कोपर धरलं. त्यानं हात झटकला नाही. पण बोलला नाही. मीही नाही बोललो. मी त्याच्या बोलण्याची वाट बघत होतो आणि तो बहुतेक माझ्या.

मग एका घरात दोन म्हातारे. दादाची मुलगी उरणकडं शाळेत बाई आहे, ती दर रविवारी यायची, आठवड्याची भाकरी-भाजीची सोय लावून जायची. बाकी सहा दिवस घरात माणसाचा आवाज नाही. मी जिन्यात उभा राहून हवेला सांगायचो, "उद्या दहा ते चार लाइट जानार हाय!" खालून दादा टीव्ही मोठा करायचा. ऐकलं की नाही ऐकलं, सांगायला वयनी नव्हती.

दादाला साखर होती. चपलेचा खिळा टाचेत गेला तो त्यानं कोणाला दाखवला नाही. जखम सडत गेली. रविवारी मुलगी आली तेव्हा घरात वास येत होता. तिनं त्याला पनवेलच्या एका इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले पाय घोट्यावरून काढावा लागेल, लगेच, उशीर केला तर जीव जाईल. दादा म्हणाला, "आयेनं दोन पाय देऊन पाठवलाय, दोन घेऊन जाईन." कागदावर सही करायला तयार नाही. मुलगी रडली, जावई हाता-पाया पडला, डॉक्टर ओरडले. नाही म्हणजे नाही.

सोमवारी सकाळी मुलगी माझ्याकडं आली. जिन्यातच उभी राहिली.

"काका, बाबा कुनाचं ऐकत नाहीत. तुमी चला."

"तो माझ्याशी बोलत नाय, तुला माहीत हाय."

"नसू देत बोलत. तुमी बोला. बावीस नाटकं लिवलीत ना? माझ्या बापाला चार वाक्यं नाय सांगू शकत?"

"सांगीन."

"मग चला. रिक्षा उभी हाय खाली."

मी म्हणालो, "आज नको. मना जुलवू दे. येतंय मी."

तिनं माझ्याकडं बघितलं. तिला घाई होती, ती गेली.

मी वही काढली. अकरा वर्षांनी भावाशी बोलायचं, ते काय वाटेल तसं बोलायचं? मी नाटकासारखं लिहायला बसलो. माझी वाक्यं लिहिली आणि दादाचीही लिहिली. तो कसा बोलतो ते माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? पहिल्या पानावर तो तोंड फिरवतो. तिसऱ्या पानावर चिडतो, पोराचं काढतो. तिथं मी आई-बाबूसची आठवण घातली, मिठागरातली एक गोष्ट घातली, वयनीची शपथ घातली. सातव्या पानावर तो रडतो. नवव्यावर सही करतो. चांगलं जमलं होतं. मोठ्यानं म्हणून बघितलं आणि सातव्या पानाला मीच डोळे पुसले.

मंगळवारी दुपारी मुलीचा फोन आला. "काका, येताय ना?"

"शेवट राहिलाय."

"कसला शेवट?"

मी वहीचं पान उलटलं. ती थोडा वेळ फोन धरून होती, मग ठेवला.

खरी गोष्ट अशी, की शेवट राहिला नव्हता. मंगळवारी सकाळीच सगळं लिहून झालं होतं. मी नंतर दोन दिवस ते चांगल्या अक्षरात उतरवत बसलो, इथलं वाक्य तिथं केलं, पाठ केलं. मला भीती वाटत होती. तो मेला तर, ह्याची नाही. मी बोललो आणि त्यानं तोंड फिरवलं तर, ह्याची. बावीस नाटकांचा लेखक. पहिलं नाटक सोडलं तर एवढ्या वर्षांत माझं वाक्य कधी पडलं नव्हतं.

गुरुवारी इस्त्रीचा सदरा घालून मी गेलो.

दादा खिडकीकडं तोंड करून पडला होता. पाय फडक्यात गुंडाळलेला, वर उशीवर. वास औषधातूनही येत होता. मुलगी मला बघून बाहेर गेली, आम्हाला जागा दिली तिनं. मी पायथ्याशी उभा राहिलो आणि सुरुवात केली.

"दादा, आज अकरा वर्षांनी तुझ्या समोर उभा हाय. तुझा धाकटा भाव म्हनून नाय, एक..."

तो खिडकीकडंच बघत होता. जिथं त्याचं वाक्य होतं तिथं मी थांबलो. तो बोलला नाही. मी पुढचं माझं म्हटलं. परत थांबलो. परत पुढचं. तिसऱ्या पानापर्यंत मी असा गेलो, माझं बोलणं आणि मधे त्याच्या वाक्याएवढी शांतता. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा पोरगा मोबाइलमधून डोकं काढून म्हणाला, "आजोबा, भाषण पाठ करून आलात काय?"

वॉर्डातली मावशी भांडं घ्यायला आली होती. दादा तिला म्हणाला, आवाज अगदी बारीक झाला होता, "मावशी, त्याला सांगा, तालीम झाली असंल तर बस म्हनावं आता."

मावशी मला म्हणाली, "आजोबा, बसायला सांगतायत. पाय दुखले असतील तुमचे."

मी बसलो. कागद खिशात होते, पण मला त्यातलं एक अक्षर आठवेना. मी त्याच्या पायाकडं बघितलं. फडक्याच्या वर नडगीपर्यंत काळं चढलं होतं. मी विचारलं, "दुखतंय का?" हे कागदात नव्हतं. तो बोलला नाही. मावशी भांडं घेऊन गेली. शेजारचा पोरगा परत मोबाइलात गेला. आमच्या मधे आता कोणी नव्हतं, सांगायला भिंत पण लांब होती.

बऱ्याच वेळानं दादा वळला आणि माझ्याशी बोलला. मला. तोंडाकडं बघून. दोन वाक्यं.

त्याच्यावर मीही एक बोललो. ते माझ्या कुठल्याच नाटकात नाही. मग त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, "बोलाव तिला. कुठं करायची सही?"

सही त्यानं नीट केली. पण डॉक्टरांनी फडकं सोडलं आणि त्यांचा चेहरा बदलला. आता घोट्यावरून नाही, गुडघ्याच्या वरून, आणि विष रक्तात गेलंय, सांगता येत नाही. शुक्रवारी कापलं. रविवारी दादा गेला. मधे तो शुद्धीवर नीट आलाच नाही.

डॉक्टर तरुण होते. कॉरिडॉरमध्ये मुलीला म्हणाले, "सोमवारी सही मिळाली असती तर चान्स होता." बोलून गेले बिचारे, त्यांना काही माहीत नव्हतं. मुलगी माझ्या शेजारी उभी होती. ती माझ्याकडं वळली नाही. थोड्या वेळानं पदरानं तोंड पुसून म्हणाली, "काका, त्या दिवशी बाबा तुमाला काय बोललं?"

मी म्हटलं, "काय नाय. पानी मागितला."

का तसं म्हटलं, माहीत नाही. मला वाटलं असेल, आता हे वाक्य माझं आहे, आता तरी मी कोणाला देणार नाही. दहाव्याला कावळा शिवायला फार उशीर झाला. लोक आळीपाळीनं हात जोडून बोलत होते, नातवंडांची काळजी करू नको, घराची करू नको. माझी पाळी आली तेव्हा मला बोलता आलं नाही. दादाच्या मुलीनंच पुढं होऊन काहीतरी पुटपुटलं, मला ऐकू आलं नाही, आणि कावळा शिवला.

ती अजून रविवारी येते. माझं पण करून ठेवते. जेवढ्यास तेवढं बोलते. ते दोन दिवस मी काय करत होतो हे तिला मी कधी सांगितलं नाही, आता इथं लिहिलंय.

वाचनालयाचे सर म्हणतात, दादाची ती दोन वाक्यं लिहा, त्याच्याशिवाय हे अपुरं आहे. बरोबर आहे त्यांचं. मी लिहिणार नाही. एकदा लिहून बघितलं त्याच्या तोंडचं, पुरे झालं.

पण पोरी, तू हे वाचशील. पाणी मागितलं नव्हतं तुझ्या बापानं. दुसरं वाक्य तुझ्यासाठी होतं आणि मी ते दाबून बसलोय. रविवारी आलीस की वर ये, जिन्यात थांबू नको. तोंडानं सांगीन.